कोणत्या हाताला?

नोंद अगदी त्रोटक होती. मध्यमवयीन पुरुष, हातावर फोड, जागा बधिर करून चीर दिली, पू काढला, पट्टी बांधली, प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या, दुखणे वाढल्यास परत येण्यास सांगितले. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातल्या डॉक्टरने लिहिलेली ही नोंद एप्रिलमधल्या एका दुपारी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या घरात, माझ्या संगणकाच्या पडद्यावर उघडली होती. बाहेर ऊन असे की गल्लीतली कुत्रीही नळाखालच्या ओलीत जाऊन पडली होती, आणि मागच्या बाजूच्या यंत्रमागांची खटखट कूलरच्या घरघरीत मिसळून गेली होती. डॉक्टरने जे लिहिले आहे त्याला आजारांच्या वर्गीकरणाच्या ग्रंथातला नेमका क्रमांक, म्हणजे कोड, द्यायचा, मग त्या क्रमांकावरून तिकडची विमा कंपनी पैसे चुकते करते, एवढेच माझे काम. हात कोणता ते मी शोधू लागले. परिचारिकेची नोंद पाहिली, संमतिपत्र पाहिले, औषधांची चिठ्ठी पाहिली. उजवा नाही, डावा नाही. शेवटी एल०२.५२९ हा क्रमांक दिला, म्हणजे हाताचे केसतूड, बाजू अनिर्दिष्ट. आणि पुढची फाइल उघडली. क्रमांक बरोबर होता, तपासणाऱ्यांनीही त्याला हरकत घेतली नाही. तरीही संध्याकाळी भाकरी थापताना ती नोंद पुन्हा पुन्हा आठवत राहिली. रुग्णाचा हात स्वतःच्या हातात धरून, त्यावर सुरी चालवून, वर टाका घालायचा की जखम उघडी ठेवायची याचा विचार केलेल्या माणसाला, तो हात कोणता हे लिहावेसे का वाटले नसेल?

तसा प्रश्न विचारण्याची सोय आमच्या कामात आहे. कोड देणारी व्यक्ती डॉक्टरकडे लेखी विचारणा करू शकते, मात्र प्रश्नातून उत्तर सुचवायचे नाही असा कडक नियम आहे. ‘उजवा हात होता ना?’ असे लिहिले तर ते गैर. ‘कृपया बाजू नमूद करावी’ असे लिहिले तर चालते. परंतु फोड चिरण्याच्या किरकोळ बिलासाठी विचारणा पाठवण्यात कुणाला रस नसतो. फाइल अडून राहते, दिवसाचा कोटा अडतो, आणि ‘अनिर्दिष्ट’ नावाचा एक क्रमांक अशाच प्रसंगांसाठी तयार करून ठेवलेला असतो.

नवखी असताना, हैदराबादेत हे काम शिकत होते तेव्हा, मला या सगळ्या काटेकोरपणाचे हसू यायचे. एल०२ या एकाच शीर्षकाखाली गळू, केसतूड आणि काळपुळी हे तिन्ही आजार येतात. टिंबापुढचा पहिला अंक शरीराचा भाग सांगतो: चेहऱ्याला शून्य, मानेला एक, धडाला दोन, कुल्ल्याला तीन, दंड-मांड्यांसह हातापायांना चार, मनगटापुढच्या हाताला पाच आणि पावलाला सहा. त्यानंतरचा अंक त्या तिघांपैकी कोणता आजार ते सांगतो आणि हातापायांच्या बाबतीत शेवटचा अंक बाजू सांगतो. म्हणजे उजव्या हाताचे गळू एल०२.५११, डाव्या हाताचे केसतूड एल०२.५२२, आणि अशा रीतीने एकट्या हाताच्या पंजासाठी नऊ क्रमांक. जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणाच्या मूळ दहाव्या आवृत्तीत एवढे काही नाही, तिथे एल०२.४ या एका क्रमांकात हात, पाय, दंड, मांडी, काख सारे मावते. हाताला वेगळी जागा दिली ती अमेरिकेने स्वतःसाठी केलेल्या विस्तारात, आणि तो विस्तार तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला. त्याआधीच्या नवव्या आवृत्तीत हाताचे केसतूड आणि हाताची काळपुळी मिळून ६८०.४ हा एकच क्रमांक होता आणि उजव्या-डाव्याची भानगडच नव्हती. जुन्या लोकांकडून हे ऐकताना मला वाटे, किती सुखी होते हे लोक. फोड तो फोड. त्याला बाजू कशाला हवी?

आता तसे वाटत नाही.

याचे श्रेय हाताच्या रचनेला आहे. केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग. तळहाताला केस नसतात, त्यामुळे तिथे केसतूड होऊच शकत नाही; ते होते हाताच्या पाठीवर, किंवा बोटांच्या मुळाकडच्या पेरांवर, जिथे बारीक लव असते. तळहातावर जो पू साठतो तो निराळ्या वाटेने आत गेलेला असतो: रुतलेली फास, फुटलेला घट्टा, कात्रीचे टोक. नखाच्या कडेला ठणका लागला तर ते नखुरडे, आणि बोटाच्या टोकाच्या गादीत पू झाला तर तो आणखी वेगळा आणि अधिक दुष्ट प्रकार, कारण त्या गादीत त्वचेपासून हाडापर्यंत गेलेल्या पडद्यांचे बंद कप्पे असतात. पुवाला पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढत जातो आणि वेळेवर चिरले नाही तर हाडापर्यंत कुजते. हे दोन्ही आमच्या ग्रंथात एल०२ मध्ये नाहीतच, ते एल०३ मध्ये बोटाच्या नावाने आहेत, आणि तिथेही डावे-उजवे आहेच. नागिणीच्या जातीतल्या विषाणूमुळे बोटावर पाणीदार पुटकुळ्या येतात, त्या हुबेहूब नखुरड्यासारख्या ठणकतात, पण त्यांना सुरी लावायची नसते. ज्याच्यावर काळी खपली धरते आणि जे दुखतच नाही, असे मेंढ्या-शेळ्यांच्या कातडीशी आणि लोकरीशी संबंध येणाऱ्यांच्या हातावरचे दुखणे, म्हणजे अँथ्रॅक्स, तर सरळ वेगळ्याच प्रकरणात जाते, ए२२.० मध्ये. सगळ्यांत फसवी गोष्ट ही की पू तळहाताच्या बाजूला असतो आणि सूज मात्र हाताच्या पाठीवर दिसते, कारण तळव्याची कातडी जाड आणि खाली घट्ट बांधलेली असते, तर पाठीवरची सैल. शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कॅनॅव्हल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताच्या संसर्गांचा एवढा बारकाईने अभ्यास केला की बोटाच्या स्नायुरज्जूच्या आवरणात पू झाल्याच्या चार खुणा आजही त्यांच्या नावाने शिकवल्या जातात: बोट किंचित वाकलेले राहते, सबंध बोट सारखे सुजते, रज्जूच्या रेषेवर दाबले की दुखते, आणि बोट सरळ करू गेले की रुग्ण ओरडतो. हे सर्व वाचल्यावर ‘हातावर फोड’ हे दोन शब्द मला एखाद्या पत्त्यावर नुसते ‘सोलापूर’ लिहिल्यासारखे वाटू लागले.

अर्थात आमच्या गल्लीत आजवर याच पत्त्यावर सगळे पोहोचत आले आहे. चैत्र-वैशाखात सोलापुरात अंगावर फोड येणे ही बातमी नसते. आंब्याची उष्णता झाली, असे निदान एक घर करते. दुसरे घर म्हणते पाणी बदलले. तिसरे म्हणते रक्त खराब झाले, कडुनिंबाचा रस प्या. माझी आजी कांदा चुलीत भाजून, त्यात हळद आणि तेल घालून, सोसवेल तितका गरम फडक्यात बांधत असे, आणि त्या कांद्याचा गोडसर, करपट वास दुसऱ्या दिवशीपर्यंत अंथरुणाला येत राही. ऊब दिल्याने फोड लवकर पिकतो आणि तोंड धरतो हे खरेच आहे, डॉक्टरही गरम शेक सांगतातच, त्यामुळे आजीला नावे ठेवायचा माझा मुळीच विचार नाही. ती चुकत असेल तर इतकेच की मांडीच्या फोडाला आणि बोटाच्या फोडाला ती एकच न्याय लावी: पिकू द्या. मांडीला तो न्याय बहुधा लागू पडतो. बोटाच्या टोकाला पडत नाही. तिथे ठणक्याने एक रात्र झोप उडाली की सकाळी शल्यचिकित्सक गाठावा, हा जुन्या शस्त्रक्रियेचा शहाणपणा आहे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना प्रयोगशाळेत मी अशाच पुवाची काचपट्टी रंगवली तेव्हा भिंगाखाली जांभळ्या गोल जंतूंचे घोसच्या घोस दिसले. अ‍ॅबरडीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतल्या पुवात हेच घोस पाहिले होते, आणि फोड हा उष्णतेने किंवा बिघडलेल्या रक्ताने येत नसून जंतूंनी येतो, हे म्हणण्याला तिथून बळ मिळाले. मी घरी येऊन आजीला ते सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मग ते जंतू उन्हाळ्यातच का येतात? घाम, खाज, ओरखडे, असे काहीतरी उत्तर मी दिले होते. आजही त्याहून फार चांगले उत्तर मला देता येणार नाही.

त्या नोंदीनंतर काही आठवड्यांनी समोरच्या घरातल्या अक्का दारात येऊन बसल्या. अक्का विड्या वळतात. त्यांच्या सासूने वळल्या, आईने वळल्या. सकाळी भिजवलेली पाने फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड दुमडायचे, आणि हजाराच्या हिशेबाने माल नेऊन द्यायचा, त्यातूनही छाट निघाली की ती पदरची. कात्रीमुळे त्यांच्या उजव्या तळव्याला मधल्या बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेले आहेत, इतके जुने की त्यांच्या कडांना तंबाखूचा तपकिरी रंग कायमचा चढला आहे. तीन मुलांना तळहाताच्या फोडासारखे जपून वाढवलेली ही बाई स्वतःचा तळहात पदराखाली झाकून बसली होती. हाताची पाठ पुरीसारखी टम्म फुगली होती, कातडी ताणून चकाकत होती. ‘केसतूड हाय गं,’ त्या म्हणाल्या, ‘पिकंल आन् फुटंल. पण सारखं ठणकतंय की.’ कुणीतरी हाताच्या पाठीवर काळे मलम थापले होते.

मी डॉक्टर नाही, आणि निदान न करणे हीच माझ्या पेशाची पहिली शिस्त आहे. बाह्यरुग्णाच्या नोंदीत डॉक्टरने ‘बहुधा’ किंवा ‘संशयित’ असे लिहिले असेल तर तो आजार कोड करायचा नसतो; जे लक्षण नक्की आहे तेवढेच धरायचे. पुवाच्या तपासणीचा अहवाल समोर दिसत असला, त्यात मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा जंतू स्पष्ट लिहिलेला असला, तरी डॉक्टरने स्वतःच्या नोंदीत त्याचा संबंध जोडेपर्यंत बी९५.६२ हा जोड क्रमांक मला लावता येत नाही. वर्षानुवर्षे असे काम केले की माणसाच्या डोळ्यांना एक विचित्र सवय लागते: दिसते, पण दिसले असे म्हणायचे नसते. अक्कांचा हात पाहताना ती सवय आड आली, हे मला जाणवले. मला दिसत होते की मधले बोट आणि अनामिका एकमेकींपासून फाकली आहेत, मला दिसत होते की सूज जिथे आहे तिथे दाबले तर त्यांना विशेष दुखत नाही आणि तळव्याच्या बाजूने घट्ट्याशेजारी नुसते बोट टेकवले तरी त्या हात खेचून घेतात. मी म्हणाले, अक्का, तळव्याला केस नसतात, हे केसतूड नव्हे. आजच दाखवू या. त्या म्हणाल्या, शुक्रवारी माल द्यायचा आहे, शनिवारी बघू. मग मी त्यांना डॉक्टर कोटणीसांची गोष्ट सांगितली.

कोटणीस सोलापूरचे, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक अक्कांनीही बसमधून पाहिलेले आहे. चीनमध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते, १९३८ साली गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, हेही बहुतेकांना माहीत असते. पण १९४१ मध्ये ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला ज्यांचे नाव होते त्या कॅनडाच्या नॉर्मन बेथ्यून यांचा मृत्यू कशाने झाला, हे आपल्याकडे फारसे कुणी लक्षात ठेवत नाही. सैनिकावर घाईत शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. जखम चिघळली, विष रक्तात पसरले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी तो निष्णात सर्जन एका बोटापायी गेला. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचलेले नव्हते. मी हे पूर्ण सांगितले तेव्हा अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले की त्यांचे कोणते बोट होते. मला हसू आले, आणि त्याच क्षणी त्या अमेरिकन डॉक्टरचा पुन्हा एकदा रागही आला. कधी कोडच्या ग्रंथाचे नाव न ऐकलेल्या बाईला जो प्रश्न पहिल्यांदा सुचतो, तो त्याला सुचला नव्हता.

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. सर्जन तरुण होते आणि बोलणे कमी. त्यांनी हाताची पाठ पाहिलीच नाही. हात उताणा धरला, घट्ट्याजवळ दाबले, फाकलेली बोटे पाहिली, दंडापर्यंत लाल रेघ चढली आहे का ते दिव्याखाली नेऊन पाहिले, काखेत गाठ चाचपली. बोटांच्या बेचक्यातला हा पू पुढून आणि मागून अशा दोन्हीकडे साठलेला असतो, म्हणून चीरही दोन्हीकडून द्यावी लागते, मधली बेचक्याची कातडी मात्र कापायची नसते, असे त्यांनी अक्कांना मराठीत आणि अक्कांच्या मुलाला तेलुगूत समजावले. पू निघाला तो वाटीभर वाटावा एवढा, आणि त्या खोलीत क्षणभर तो ओळखीचा, गोडसर, नकोसा वास भरून राहिला. अक्कांच्या चेहऱ्यावरचा ताण इतक्या लवकर उतरला की त्या चक्क डॉक्टरांच्या गावाची चौकशी करू लागल्या. मी मनातल्या मनात कोड लावत होते, ती खोड काही जात नाही: उजव्या हाताचे गळू, एल०२.५११. केसतूड नाही, बाजू निर्दिष्ट. चिरण्याचा क्रमांक मात्र ठरवता येईना. साधे, एकच गळू असेल तर १००६०, गुंतागुंतीचे किंवा अनेक असेल तर १००६१, आणि या दोहोंतल्या फरकाचे तिकडे पैशांत रूपांतर होते. इकडे अक्कांच्या कागदावर एकच ओळ होती, ‘आर. हँड, पू काढला’, पण त्या एका अक्षराने मला जे समाधान दिले ते सांगून कुणाला पटणार नाही.

मग डॉक्टरांनी साखर तपासली का, असे विचारले. कधीच नव्हती. बोटाला टोचून पाहिली तर दोनशे चाळीसच्या पुढे होती. इथे आमच्या नियमांची आणि त्या छोट्या खोलीची फारकत होते, आणि तिच्याबद्दल मला अजून नीट ठरवता आलेले नाही. मधुमेहाबरोबर येणाऱ्या काही ठरावीक आजारांचा संबंध ग्रंथ स्वतःच गृहीत धरतो. मज्जातंतूंचे, मूत्रपिंडांचे दुखणे त्यांत येते. गळवाचे तसे नाही. रुग्णाला मधुमेह आहे आणि हातावर गळू आहे, एवढ्यावरून ‘मधुमेहामुळे त्वचेचा विकार’ असा ई११.६२८ हा क्रमांक मला लावता येत नाही. डॉक्टरने तसे लिहिलेच पाहिजे. नियम योग्य आहे, कारण साखर असलेल्या माणसाला नुसती फास रुतली तरी गळू होऊ शकते, आणि कार्यकारणभाव जोडण्याचा अधिकार ज्याने रुग्ण पाहिला त्याचाच असावा. पण पाहिलेला माणूस जर ते लिहायला विसरला, तर एकाच कागदावर दोन आजार एकमेकांना न ओळखता बाजूबाजूला पडून राहतात, आणि हजारो कागदांची बेरीज करणाऱ्याला वाटते की यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर अमलात आली, आजाराला शरीराची जागा आणि बाजू हवी तशी जोडता येते. लिहिणाऱ्याने लिहिले तर, अर्थातच.

अक्कांना साखरेपेक्षा हाताची काळजी होती, आणि हाताची काळजी विड्यांपुरती. हात बरा झाला की साखरही आपोआप खाली येईल, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. अंगात पू असला की साखर चढते, डॉक्टरांनीही ते मान्य केले आणि म्हणूनच गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी लिहून दिली. साडेसहा टक्के ही मधुमेहाची रेषा. अक्कांचा आकडा नऊच्या वर आला. म्हणजे साखर हाताच्या आधीपासून होती. त्या अहवालाकडे बराच वेळ पाहत बसल्या, मग म्हणाल्या की गोड तर त्या संक्रांतीच्या तिळगुळाखेरीज खातच नाहीत. नंतर गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून, ती जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्यांनी मला विचारले. मी दवाखान्यात फोन लावला, आणि पलीकडच्या मुलीने सांगितले, जेवण झाल्यावर, दोन वेळा, आणि पट्टी बदलायला परवा सकाळी लवकर या, उशिरा आलात तर रांग असते.